वाचक विचारतात : वर न येणारी पाणबुडी

गेल्या अंकात अणुशक्तीवर चालणाऱ्या हल्लेखोर पाणबुड्यांविषयी एक छोटे टिपण छापले होते. त्यावर आलेल्या पत्रांतील बरेच प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे काही ठिकाणी दोन-तीन पत्रे एकत्र करून उत्तर दिले आहे.

प्रश्न : अणुपाणबुडी म्हणजे अणुबॉम्ब घेऊन फिरणारी पाणबुडी, असेच आम्ही आजवर समजत होतो. तुमच्या टिपणात मात्र हल्लेखोर अणुपाणबुडीवर अण्वस्त्रे असतीलच असे नाही, असे म्हटले होते. मग ‘अणु’ नेमका कशात?

उत्तर : इंजिनात. पाणबुडीच्या पोटातील अणुभट्टीत युरेनियमच्या विखंडनातून उष्णता निर्माण होते. प्रचंड दाबाखाली खेळवलेले पाणी ती उष्णता उचलते, त्या पाण्यामुळे दुसऱ्या, स्वतंत्र नळ्यांतील पाण्याची वाफ होते आणि ती वाफ टर्बाइन फिरवते. टर्बाइनपासून पुढची यंत्रणा एखाद्या जुन्या आगबोटीच्या कारागिरालाही ओळखीची वाटेल. बरोबर कोणते शस्त्र न्यायचे, हा त्यानंतरचा आणि निराळा निर्णय असतो.

त्या निर्णयावरून अणुपाणबुड्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. लांब पल्ल्याची अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे नेणारी पाणबुडी महिनोन्‌महिने एखाद्या विस्तीर्ण समुद्रात संथपणे फिरत राहते आणि कोणाच्याही नजरेस न पडणे हेच तिचे काम असते. हल्लेखोर पाणबुडीचे काम शोधाचे. शत्रूची जहाजे आणि पाणबुड्या हुडकणे, त्यांच्या मागावर राहणे, वेळ आल्यास त्यांना पाणतीराने (टॉर्पेडोने) बुडवणे आणि किनाऱ्यापलीकडच्या लक्ष्यांवर क्रूझ क्षेपणास्त्रे सोडणे ही कामे तिच्याकडे असतात. भारताची २०१६ मध्ये नौदलात दाखल झालेली ‘अरिहंत’ पहिल्या प्रकारातली आहे. रशियाकडून भाड्याने घेतलेली आणि २०१२ ते २०२१ या काळात आपल्या नौदलात असलेली ‘चक्र’ दुसऱ्या प्रकारातली होती. वर्तमानपत्रे दोघींनाही ‘आण्विक पाणबुडी’ म्हणून मोकळी होतात, त्यामुळे हा गोंधळ वाचकांपेक्षा आम्हा लिहिणाऱ्यांनीच अधिक केला आहे.

प्रश्न : नव्या डिझेल पाणबुड्या अणुपाणबुडीपेक्षाही शांत असतात आणि तिच्या किमतीच्या एका हिश्श्यात मिळतात, असे वाचले आहे. हे खरे असेल तर अणुपाणबुडीचा खटाटोप कशासाठी?

उत्तर : आलेल्या पत्रांतला हा सर्वांत नेमका प्रश्न आहे, म्हणून उत्तर थोडे ऐसपैस देतो. आपण वाचलेले खरे आहे. स्वीडनची ‘गॉटलंड’ ही लहानशी, अणुभट्टी नसलेली पाणबुडी अमेरिकी नौदलाने २००५ पासून दोन वर्षे सरावासाठी मागवून घेतली होती. त्या सरावांत तिने विमानवाहू ‘रोनाल्ड रेगन’चे संरक्षक कडे भेदून तिला लुटुपुटीच्या लढाईत ‘बुडवले’. मग अडते कुठे? अडते ते हवेपाशी आणि बॅटरीपाशी.

टिबुकली हा पाणपक्षी बुडी मारतो, तळाशी शिकार करतो आणि दम संपला की पुन्हा वर येतो. डिझेल पाणबुडीचे जगणे नेमके असेच आहे. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाण्याखाली ती केवळ बॅटरीवर चालते आणि बॅटरी उतरली की पृष्ठभागालगत येऊन स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढून, इंजिन सुरू करून ती पुन्हा भरून घ्यावी लागते. त्या वेळी इंजिनाचा आवाज दूरवर जातो आणि नळीचे टोक रडारवर दिसू शकते. पाणबुडीविरोधी विमानाचा वैमानिक याच घटकेची वाट पाहत असतो.

आता वेगाचे गणित पाहा. पाण्यातून जाण्यासाठी लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते आणि ४ नॉटवरून २० नॉटवर जायचे तर ती सव्वाशेपट होते. परिणामी जी बॅटरी रांगत्या चालीने काही दिवस पुरते, तीच पूर्ण वेगात एक-दोन तासांत रिकामी होते. ‘गॉटलंड’सारख्या पाणबुड्यांत बाहेरच्या हवेवाचून वीज निर्माण करणारी यंत्रणा असते आणि तिच्यामुळे पाण्याखालचा मुक्काम दोन आठवड्यांपर्यंत लांबतो. पण तो ५ नॉटच्या आसपासच्या चालीवर, म्हणजे सुमारे ९ किलोमीटर ताशी. सायकलवाला सहज पुढे निघून जाईल.

अणुभट्टीला हवा लागत नाही आणि तिची शक्ती संपता संपत नाही. २० नॉटने निघालेली अणुपाणबुडी दिवसाला ४८० सागरी मैल तोडते, तेही सगळे पाण्याखालून, आणि ३,००० मैलांवरच्या समुद्रात आठवड्याच्या आत, शिणलेली नसताना पोचते. जगातील पहिली अणुपाणबुडी, अमेरिकेची ‘नॉटिलस’, १७ जानेवारी १९५५ रोजी प्रथम स्वतःच्या अणुभट्टीवर निघाली आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुव पार करून गेली. बर्फाखाली स्नॉर्केल काढण्याची सोय नसते, एवढे लक्षात घेतले तरी या प्रवासाचा अर्थ कळतो. अमेरिकेच्याच ‘ट्रायटन’ने १९६० मध्ये दोन महिन्यांत पाण्याखालून पृथ्वीप्रदक्षिणा केली. इंधनाचे म्हणाल तर अमेरिकेच्या ‘व्हर्जिनिया’ वर्गातील पाणबुडीत बांधणीच्या वेळी भरलेले युरेनियम तिच्या ३३ वर्षांच्या आयुष्याला पुरावे, असा आराखडा आहे. फ्रेंच पाणबुड्या मात्र कमी समृद्ध युरेनियम वापरतात आणि त्यांच्या ‘सुफ्रेन’ वर्गात दर १० वर्षांनी इंधन बदलावे लागते.

तेव्हा निवड समुद्राच्या लांबी-रुंदीवर अवलंबून असते. सामुद्रधुनीच्या तोंडाशी, उथळ आणि बंदिस्त पाण्यात दबा धरून बसायचे असेल तर चांगली डिझेल पाणबुडीच घ्यावी. माझ्या मते तेथे अणुपाणबुडी पाठवणे म्हणजे बहुतेक वेळा पैशांचा अपव्यय आणि नाहक जोखीम आहे. हजारो मैल दूर जाऊन, ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने धावणाऱ्या युद्धनौकांच्या मागे-पुढे राहायचे असेल तर मात्र दुसरा पर्याय नाही. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये फ्रान्सकडून डिझेल पाणबुड्या घेण्याचा करार मोडून अमेरिका व ब्रिटनबरोबर अणुपाणबुड्यांचा मार्ग धरला, त्यामागे राजकारण होतेच. पण त्या देशाच्या बंदरांपासून त्याला चिंता वाटणाऱ्या समुद्रांपर्यंतचे अंतर हेही एक साधे, नकाशावर मोजता येण्याजोगे कारण होते.

प्रश्न : प्रत्यक्ष युद्धात या पाणबुड्यांनी काही केले आहे का, की हे सगळे सरावातलेच पराक्रम आहेत?

उत्तर : शत्रूची युद्धनौका पाणतीराने बुडवणारी पहिली अणुपाणबुडी म्हणजे ब्रिटनची ‘कॉन्करर’. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील, ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटे घेतल्यानंतर ती ४ एप्रिलला स्कॉटलंडमधील फासलेनच्या तळावरून निघाली. ब्रिटनपासून ही बेटे सुमारे १३,००० किलोमीटरवर आहेत. जहाजांचा ताफा वाटेवर असतानाच पाणबुड्या त्या समुद्रात पोचल्या होत्या.

‘कॉन्करर’ने १ मे रोजी अर्जेंटिनाच्या ‘जनरल बेल्ग्रानो’ या क्रूझरला, म्हणजे मोठ्या युद्धनौकेला, आणि तिच्याबरोबरच्या दोन विनाशिकांना गाठले आणि पुढचा सुमारे एक दिवस ती त्यांच्या मागे राहिली. हा पाठलाग कसा चालतो हे पाहण्याजोगे आहे. वेगात जाणाऱ्या पाणबुडीला स्वतःच्याच भोवती खळाळणाऱ्या पाण्यामुळे धड ऐकू येत नाही. म्हणून ती खोल जाऊन जोरात धावते, मग वेग उतरवून वर येते, कान देते, पेरिस्कोपमधून एक नजर टाकते आणि पुन्हा खाली जाऊन वाढलेले अंतर भरून काढते. बॅटरीवर चालणाऱ्या पाणबुडीला असे दोन-तीन फेरे झाल्यावर पाठलाग सोडावा लागला असता. २ मे रोजी लंडनहून परवानगी आल्यावर कमांडर ख्रिस रेफर्ड-ब्राउन यांनी तीन पाणतीर सोडले आणि त्यांतील दोन ‘बेल्ग्रानो’ला लागले. पाणबुडीवर नवे, मार्गदर्शित पाणतीर होते, पण त्यांचा भरवसा कमी, म्हणून कमांडरांनी दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीच्या रचनेचे, सरळ रेषेत जाणारे जुने मार्क ८ निवडले. अणुभट्टीवर चालणाऱ्या पाणबुडीने आजोबांच्या काळातले हत्यार वापरावे, यातला विनोद कडवट आहे, कारण त्या दिवशी ३२३ माणसे मेली. ब्रिटनने स्वतःच आखलेल्या २०० मैलांच्या युद्धक्षेत्राबाहेर क्रूझर होती, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

युद्धाच्या दृष्टीने खरा परिणाम त्यानंतर झाला. विमानवाहू जहाजासह अर्जेंटिनाचा ताफा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात परतला आणि युद्ध संपेपर्यंत बाहेर आला नाही. एका पाणबुडीने एक जहाज बुडवले आणि उरलेल्या नौदलाला घरी बसवले. ती नेमकी कुठे आहे हे ठाऊक नसल्यामुळे ती सर्वत्र आहे असे धरून चालावे लागते. नौदलाला या पाणबुडीचा सर्वांत मोठा उपयोग आहे तो हाच.

याच युद्धातली दुसरी बाजूही सांगायला हवी. अर्जेंटिनाची ‘सान लुईस’ ही एकुलती एक डिझेल पाणबुडी ब्रिटिश ताफ्याच्या आसपास वावरत होती. तिचे पाणतीर एकदाही लागले नाहीत, पण तिच्या धास्तीने ब्रिटिशांनी देवमाशांच्या प्रतिध्वनींवरही शस्त्रे खर्च केली. आणि खुद्द ब्रिटिशांना बेटांच्या किनाऱ्यालगत कमांडो उतरवण्यासाठी ‘ऑनिक्स’ ही छोटी डिझेल पाणबुडीच उपयोगी पडली.

त्यानंतरच्या युद्धांत हल्लेखोर पाणबुड्यांचा वापर मुख्यतः जमिनीवर मारा करण्यासाठी झाला. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेच्या ‘लुईव्हिल’ने तांबड्या समुद्रातून इराकवर टॉमहॉक क्षेपणास्त्रे सोडली, ती युद्धात पाणबुडीतून सुटलेली पहिली टॉमहॉक. शांततेच्या काळातली कामे बहुधा उजेडात येत नाहीत. जी आली त्यांतील सर्वांत धाडसी काम १९७० च्या दशकाच्या आरंभीचे होते, जेव्हा अमेरिकेच्या ‘हॅलिबट’ने ओखोट्स्क समुद्राच्या तळावरील सोव्हिएत दूरध्वनी केबलवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र बसवले.

प्रश्न : अणुभट्टी, टर्बाइन, पंप हे सगळे आत धडधडत असताना पाणबुडी लपते कशी?

उत्तर : धडधड बाहेर न जाऊ देण्यावरच बांधणीचा मोठा खर्च होतो. डिझेल पाणबुडी बॅटरीवर असताना तिच्यात फारसे काही फिरतच नसते. अणुभट्टी मात्र पूर्ण बंद करून चालत नाही, तिचे शीतक फिरते ठेवावे लागते, त्यामुळे थोडा आवाज कायमचाच. त्यावर उपाय असे की टर्बाइन आणि दंतचक्रांचा सगळा संच एका मोठ्या तराफ्यावर बसवायचा आणि तो तराफा रबरी आधारांवर टेकवायचा, म्हणजे कंपने पत्र्यापर्यंत पोचत नाहीत. काही अणुभट्ट्यांत कमी शक्तीवर पंप बंद ठेवून गरम पाणी वर आणि थंड खाली या नैसर्गिक अभिसरणावरच काम भागते. बाहेरून सबंध अंगावर रबरासारख्या फरशा चिकटवतात. त्या आतला आवाज दाबतात आणि शत्रूच्या सोनारचा (प्रतिध्वनीवरून शोध घेणाऱ्या यंत्रणेचा) ध्वनी शोषून घेतात. लांबच्या गस्तीवरून परतलेल्या पाणबुडीची छायाचित्रे पाहिलीत तर पावसाळ्यानंतर भिंतीचे पोपडे निघावेत तशा काही फरशा गळून पडलेल्या दिसतील.

राहिला पाणबुडीला पुढे ढकलणारा पंखा. तो जोरात फिरला की पात्यांवरचा दाब इतका उतरतो की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना होणारी कडकड दूरवर ऐकू जाते. म्हणून पाती कोयत्यासारखी वळवून अतिशय काटेकोर घडवतात किंवा पंखा एका नळकांड्यात बसवतात. या कारागिरीचे मोल शीतयुद्धात दिसले. अमेरिकी नौदलातील जॉन वॉकर हा १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत सोव्हिएत संघाला गुप्त माहिती विकत होता आणि त्या माहितीवरून आपल्या पाणबुड्यांचा माग किती सहज काढला जातो हे मॉस्कोला उमगले. पुढे १९८७ मध्ये उघड झाले की जपानमधून आणि नॉर्वेमधून निर्यातबंदी मोडून सोव्हिएत गोद्यांना पंख्याची पाती घडवणारी संगणकचलित यंत्रे आणि त्यांची नियंत्रणे विकली गेली होती. त्या यंत्रांनीच सोव्हिएत पाणबुड्या शांत झाल्या, असे तेव्हा सर्रास म्हटले गेले. मला ते अर्धेच पटते, कारण त्यांच्या पाणबुड्यांचा आवाज १९७० च्या दशकाअखेरीसच उतरू लागला होता.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी विचारते, आत श्वासाला हवा कुठून आणतात?

उत्तर : समुद्रातूनच. खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी काढतात आणि विजेच्या साह्याने त्याचे विघटन करून प्राणवायू घेतात. उरलेला हायड्रोजन बाहेर सोडून देतात. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड रसायनात शोषून वेगळा करतात. वीज मुबलक असल्यामुळे हवा-पाण्याची ददात नाही, संपतो तो शिधा. ब्रिटनची ‘वॉरस्पाइट’ १९८२-८३ मध्ये सलग १११ दिवस पाण्याखाली राहिली होती.

प्रश्न : समुद्राखाली अणुभट्टीला अपघात झाला तर? अशा घटना दडपल्या जातात असे ऐकतो.

उत्तर : काही दडपल्या गेल्या, विशेषतः सोव्हिएत संघात. पण सर्वांत शिकवून गेलेला अपघात उघड आहे. अमेरिकेची ‘थ्रेशर’ १० एप्रिल १९६३ रोजी दुरुस्तीनंतरच्या खोल बुडीच्या चाचणीत १२९ जणांसह बुडाली. चौकशीतून उभे राहिलेले संभाव्य चित्र असे की इंजिनघरातील खाऱ्या पाण्याच्या नळीचा सांधा सुटला, फवाऱ्याने विद्युतयंत्रणेत बिघाड झाला आणि अणुभट्टी आपोआप बंद पडली. आता वर येण्याचा एकच मार्ग उरला होता, टाक्यांत दाबाची हवा सोडून त्यांतले पाणी बाहेर ढकलणे. पण वेगाने सुटणारी हवा इतकी गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या. अणुभट्टी पुन्हा चालू करायला तेव्हाच्या नियमांप्रमाणे जितका वेळ लागे, तितका वेळ हाती नव्हता. म्हणजे अणुभट्टीने सुरक्षेसाठी जे करायला हवे तेच केले आणि नेमक्या त्याच वेळी पाणबुडीला तिच्या शक्तीची सर्वाधिक गरज होती. त्यानंतर अमेरिकी नौदलाने प्रत्येक सांध्याची, प्रत्येक झडपेची लेखी खातरजमा करणारी पद्धत लावली आणि त्या पद्धतीने प्रमाणित झालेली एकही पाणबुडी आजवर गमावलेली नाही. १९६८ मध्ये ९९ जणांसह बुडालेली ‘स्कॉर्पियन’ प्रमाणित नव्हती.

दुसरा धोका किरणोत्साराशी संबंध नसलेला, अगदी गावठी म्हणावा असा आहे: टक्कर. आवाजाचा ठोका सोडून प्रतिध्वनी ऐकला तर समोरचा डोंगर कळतो, पण त्या ठोक्याने आपलाही ठावठिकाणा कळतो. म्हणून पाणबुडी गप्प राहून नकाशाच्या भरवशावर चालते आणि नकाशे अपुरे असतात. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेची ‘सॅन फ्रान्सिस्को’ ही पाणबुडी प्रशांत महासागरातील ग्वाम बेटाच्या दक्षिणेला पूर्ण वेगात सागरतळावरच्या डोंगरावर आदळली. पुढचा भाग चेपला, एक नौसैनिक दगावला, अणुभट्टीला धक्का लागला नाही आणि पाणबुडी स्वतःच्या बळावर बंदरात परतली.

प्रश्न : एखाद्या नौदलाला अशा किती पाणबुड्या पुरेशा? दोन-तीन असून भागेल का?

उत्तर : एक पाणबुडी कायम समुद्रात हवी असेल तर साधारण तीन बाळगाव्या लागतात, एक गस्तीवर, एक गोदीत आणि एक प्रशिक्षणात किंवा येण्या-जाण्याच्या वाटेवर. गोदीतला काळ अनेकदा ठरल्यापेक्षा लांबतो, तेव्हा हे गणितही आशावादीच आहे. भारताने २०२४ मध्ये दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधायला मंजुरी दिली. तेवढ्याने कौशल्य येईल, सलग गस्त येणार नाही. माणसांचा हिशेब तर याहून कठीण आहे, कारण अणुभट्टी चालवणारा अधिकारी तयार व्हायला वर्षे लागतात आणि जहाज बांधण्याची घाई करता येते तशी ती करता येत नाही.

प्रश्न : निवृत्त झालेल्या अणुपाणबुडीचे पुढे काय करतात? साधी जहाजे भंगारात जातात, हिचे काय?

उत्तर : आधी इंधन काढतात, पण अणुभट्टीभोवतीचे पोलाद किरणोत्सारी झालेले असतेच. अमेरिकेत पाणबुडीचा तेवढा भाग आडवा कापून दोन्ही तोंडे पोलादाने बंद करतात आणि तो तराफ्यावर चढवून कोलंबिया नदीमार्गे वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डला नेतात. तेथे एका लांबरुंद उघड्या चरात असे शंभराहून अधिक अवाढव्य डबे रांगेने ठेवलेले आहेत. पाणबुडीचे उरलेले लोखंड भंगारात जाते. ब्रिटनची गोष्ट निराळी आहे. त्यांच्या बहुतेक निवृत्त अणुपाणबुड्या प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्टला आणि स्कॉटलंडमधील रोसाइथला धक्क्याशी बांधून ठेवलेल्या आहेत आणि त्यांतील कित्येकींचा तेथला मुक्काम त्यांच्या नौदलातील सेवेपेक्षाही लांबला आहे. १९६३ मध्ये दाखल होऊन १९८० मध्ये निवृत्त झालेली ‘ड्रेडनॉट’ ही ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी त्यांतलीच एक.